सुमे, कुलूप शाबूत आहे

सुमे,

तुझी शोकसभा काल झाली. तू असतीस तर तिसऱ्या मिनिटाला "चहाचं पाहून येते" म्हणत उठली असतीस आणि परत आली नसतीस. मला मात्र पहिल्या रांगेत बसवलं होतं, आणि पहिल्या रांगेतून उठणं म्हणजे मृतात्म्याचा अपमान. मृतात्मा तू होतीस, तुला चाललं असतं, पण हे तिथे कोणाला सांगणार?

सभा आपल्या वाचनालयात होती. दारव्ह्यात शोकसभेला दुसरी जागा नाही असं नाही, पण वाचनालयाच्या अध्यक्षांना, म्हणजे आपल्या भाऊसाहेबांना, स्वतःचा माइक आहे आणि त्याचा वापर होत राहिला पाहिजे असं त्यांना वाटतं. तुझ्या फोटोला त्यांनी हार घातला, दोनदा घातला, कारण पहिल्यांदा फोटोग्राफर दुसरीकडे बघत होता. मग घसा साफ करून म्हणाले, "सुमतीताई म्हणजे अत्यंत शांत, धर्मपरायण, आदर्श गृहिणी. आणि त्यांना, काय म्हणतात त्याला, कुलपं फोडण्याचा एक आगळावेगळा छंद होता."

फोडण्याचा.

लोक हसले. वाईट मनानं नाही. शोकसभेत हसायला मिळालं तर कोण सोडतं? पण माझी कानशिलं तापली ती अजून तापलेलीच आहेत. सगळी नोकरी बँकेत काढलेल्या बाईला गृहिणी म्हटलं, ते मी गिळलं. शांत म्हटलं, तेही. तुझ्या काउंटरवर रांग मोडणारा माणूस तुझा शांतपणा आठवून अजून दचकत असेल. धर्मपरायण म्हणावं तर कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला आपण गेलो तेव्हा तू गाभाऱ्यापेक्षा जास्त वेळ दानपेटीच्या कुलपाकडे बघत होतीस. पुजाऱ्यानं विचारलं, "काय पाहून राह्यल्या बाई?" तर तू म्हणालीस, "काई नाई महाराज, चांगलं हाये कुलूप. देव सुरक्षित हाये." हेही सगळं चाललं असतं. पण फोडण्याचा?

माइकवरून पुढे आणखी दोघे बोलले. एकानं सांगितलं की तू लोकांच्या मनाची कुलपं उघडलीस. दुसऱ्यानं सांगितलं की आता तुझ्यासाठी स्वर्गाचं कुलूप उघडलं आहे. खऱ्या कुलपाबद्दल, हातात धरलेल्या, पितळेच्या, वजनदार कुलपाबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. रूपकात सगळे पटाईत.

म्हणून मी हे लिहायला बसले आहे. तुझ्यासाठी नाही, तुला हे सगळं माहीत आहे. पण कोणीतरी हे नीट सांगायला हवं, आणि मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आहे. क्रियापद चुकलेलं मला सोडवत नाही.

निवृत्त झालीस त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आले, तर तू व्हरांड्यात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उपडा करून बसली होतीस. प्रत्येक घरात असा एक डबा असतो. कपाटाच्या वरच्या फळीवर, ज्याला कोणी हात लावत नाही आणि जो कोणी टाकतही नाही.

"पाह्य कुंदे," तू म्हणालीस, "ह्या चाव्या हायेत, ह्यायची कुलपं नाई. आन ही कुलपं हायेत, ह्यायच्या चाव्या नाई. इतले वर्स एका डब्यात राहून राह्यले, पन एकाची एकाशी वळख नाई."

"मग दे भंगारात."

"कायले? चांगली हायेत ना कुलपं. बंद हायेत फक्त."

बँकेत तिजोरीच्या खोलीची एक चावी तुझ्याकडे असायची आणि दुसरी मॅनेजरकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. मॅनेजर बदलत गेले, तू तिथेच राहिलीस. तू म्हणायचीस, चाव्या सांभाळता सांभाळता जन्म गेला, आता चावीशिवाय काय होतं ते बघायचं आहे. लोकांना हे कळलं तेव्हा गल्लीत जी कुजबुज झाली ती तुझ्याही कानावर आली होती. "बँकेतून रिटायर झाल्यावर शिकल्या म्हून बरं," असं शेजारच्या काकूंनी तुझ्या तोंडावर म्हटलं, आणि तू त्यांना म्हणालीस, "नाई तं काय, तुमच्याच लॉकरपासून सुरुवात केली असती."

मोबाइलवर बघून बघून शिकलीस. भंगारवाल्याकडून गाडीच्या काचेवरचे जुने वायपर आणलेस, त्यांच्या रबरातली पोलादी पट्टी काढून कानशीनं घासलीस, एक टोक वाकवलंस. हॅकसॉच्या पात्याचे तुकडे घासून त्यांना बारीक आकडे काढलेस. सगळं चष्म्याच्या घरात मावायचं. मलाही तसंच एक चष्म्याचं घर भरून दिलंस, आणि माझा खरा चष्मा तेव्हापासून पिशवीत उघडाच फिरतो.

मला तू शिकवलंस ते वाक्य न वाक्य आठवतं, कारण मी तुझी सगळ्यात मठ्ठ विद्यार्थिनी होते. कुलपाच्या आत एक नळी असते, नळीच्या वर एका ओळीत छोट्या पिना, प्रत्येक पिनेच्या डोक्यावर एक स्प्रिंग. बरोबर चावी आत गेली की सगळ्या पिना आपापल्या उंचीवर येतात आणि नळी फिरते. चावी नसली की पिना नळीत अडकून बसतात. वाकवलेल्या पट्टीनं नळीला वळवायचा किंचित ताण द्यायचा आणि आकड्यानं एकेक पीन चाचपायची. सगळ्या पिना सारख्या अडकत नाहीत. कारखान्यातलं कोणतंही काम तंतोतंत नसतं, त्यामुळे एक पीन इतरांपेक्षा आधी आवळली जाते. ती शोधायची. वर ढकलायची. ती जागेवर बसली की बोटाला एक टक असं कळतं, कानाला नाही, बोटाला, आणि नळी केसभर हलते. मग दुसरी आवळली जाते. मग ती शोधायची.

"म्हणजे त्याच्या चुकीचा फायदा घ्यायचा," मी म्हटलं.

"चूक कायची? प्रत्येकाले आपली आपली एक अडचन ऱ्हाते. थे आधी पाहा लागते. सगळ्याइले एकदम ढोसलं तं कोनीच आयकत नाई."

माझी खोड एकच होती. ताण जास्त. मी पट्टी अशी दाबायचे की सगळ्या पिना एकदम जाम व्हायच्या. तू माझ्या मनगटावर चापट मारायचीस. "ढिल दे, ढिल दे. अवो, कुस्ती खेळून राह्यली का तू? कुलपाले मनवा लागते."

मनवा लागते. हा तुझा शब्द. रुसलेल्या माणसाला मनवतात तसा. उघडणं नाही, काढणं नाही, आणि फोडणं तर नाहीच. फोडलेलं कुलूप फेकावं लागतं. मनवलेलं कुलूप आधी होतं तसंच असतं, तुझ्या हातातून मालकाच्या हातात जातं आणि पुन्हा लागतं. सगळा छंद या एका फरकावर उभा होता, आणि तो फरक माइकवर तीन सेकंदांत निकालात निघाला.

तुला एकदा मी विचारलं होतं, राग आला असेल तेव्हा काय करायचं? तेव्हा मी कोणावर तरी चिडूनच आले होते, कोणावर ते आता आठवत नाही, माझ्याकडे नेहमीच कोणीतरी असतं. तू म्हणालीस, "राग बोटात नोको आनू. जिभेवर ठेव. तिथं तुले सवय हाये."

मग भिशी. दारव्ह्यात बायकांच्या भिश्या आहेत त्या पैशांच्या, साड्यांच्या, भांड्यांच्या. तू कुलपांची काढलीस. महिन्यातून एका दुपारी तुझ्या व्हरांड्यात जमायचं, प्रत्येकीनं घरातलं चावी हरवलेलं एक कुलूप आणून तुझ्या त्या डब्यात टाकायचं, नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, आणि जिची चिठ्ठी निघेल तिनं डब्यातलं एक कुलूप घरी न्यायचं, पुढच्या भिशीपर्यंत मनवून आणायचं. आल्या किती? आधी तू, मी आणि राठोड सिस्टर. आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या, हात असे हलके की इंजेक्शन दिलेलं पोरांना कळायचं नाही. त्यांना पहिल्याच महिन्यात जमलं. "मॅडम," त्या मला म्हणाल्या, "शीर सापडवन्यासारखंच हाये. घाई केली का पळते." नंतर आणखी बायका आल्या. कोणाच्या सुनेनं नाक मुरडलं, कोणाच्या नवऱ्यानं विचारलं, हे शिकून करणार काय? तू त्याला विचारलंस, "तुमी पत्ते खेळून काय करून राह्यले?"

एवढं हसलो आपण त्या व्हरांड्यात. मी आयुष्यभर बोलत आले, वर्गात, घरात, सभेत. तुझ्या व्हरांड्यात पहिल्यांदा मला काहीतरी असं करायला मिळालं ज्यात बोलून उपयोग नव्हता. दुपारच्या शांततेत सात-आठ बायका माना खाली घालून बसलेल्या, आणि मध्येच कोणाच्या तरी हातात टक. तेवढ्यासाठी तुझे आभार मानायचे राहून गेले. मानले असते तर तू म्हणाली असतीस, शानी झाली का तू.

भिशीचा एक नियम मात्र तू दगडासारखा पाळलास. मालकानं तोंडानं सांगितल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. डब्यात आलेल्या कुलपालाही आणणारीनं आधी म्हणायचं, माझं आहे, उघड. मला हा नियम नाटकी वाटायचा. पण त्या मे महिन्यात मी यवतमाळहून, मुलीकडून, भर दुपारी जीपनं आले आणि दारात उभी राहिल्यावर लक्षात आलं की चावी मुलीच्या फ्रिजवर राहिली. तुला फोन केला. तू छत्री घेऊन आलीस, चष्म्याचं घर उघडलंस, पट्टी काढलीस, आणि थांबलीस.

"सांग."

"काय सांग? घामाघूम झालेय मी. उघड ना."

"नीट सांग."

"सुमे, हे माझं घर आहे हे तुला माहीत नाही?"

"मले माहीत हाये. कुलपाले नाई माहीत."

मी उन्हात उभी राहून, गल्लीतली दोन पोरं ऐकत असताना, मोठ्यानं म्हटलं, हे माझं कुलूप आहे, सुमे, उघड. मग तू उघडलंस. चहा पिताना म्हणालीस, तिजोरीला दोन चाव्या लागायच्या, तशा इथेही लागतात. एक हाताची. दुसरी मालकाच्या तोंडची. दुसरी नसेल तर पहिलीला चोर म्हणतात.

याच्यावरून आपलं भांडण. वाचनालयाच्या मागच्या भिंतीला ते जुनं सागवानी कपाट आहे, ज्याच्यात जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड आहेत. जुने कार्यवाह गेले तेव्हा त्यांच्याबरोबर चावीही गेली. कपाटाला सात लिव्हरचं कुलूप. भाऊसाहेबांनी ते उघडलं नाही, कारण ते साधं उघडणं त्यांना मंजूर नव्हतं. कपाटाचं लोकार्पण व्हायचं होतं, आणि लोकार्पणाला यायला कोणी मोठा माणूस मोकळा सापडत नव्हता. काचेतून खंडांच्या पाठी दिसतात. काही पाठींना वाळवी लागल्यासारखी वाटते. मी तुला किती वेळा म्हटलं, सुमे, दुपारी वाचनालयात कोणी नसतं, दहा मिनिटांचं काम आहे.

"मालकाले ईचार."

"वाचनालयाचा मालक कोण? वाचक. मी वाचक आहे. मी सांगतेय."

"तू एकटी हायेस. सगळ्याइनं सांगू दे. मोठ्यानं."

"सगळे कधी मोठ्यानं बोलतात का? सगळे टाळ्या वाजवतात."

"मंग टाळ्या वाजवनाऱ्याइचं कपाट बंदच ऱ्हाईन. तू मालक शोधून आन, कुलूप मी पाहीन."

शेवटी भेटलो तेव्हाही हेच. मी तुला बँकेची बाई म्हटलं, तू मला वर्गातली बाई म्हटलंस. दोन्ही शिव्या होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. चहा मात्र प्यायलो.

आता मला ते लिहायचं आहे जे मी काल माइकवर बोलू शकले नाही.

त्या सकाळी राठोड सिस्टरचा फोन आला की सुमतीबाई दार उघडत नाहीत, दूधवाला हाका मारून थकला. मी चष्म्याचं घर घेऊन आले. चालत नाही, पळत आले, या वयात, चप्पल एक वेगळी एक वेगळी. मी दाराशी बसले आणि मग बघितलं. बाहेर कुलूप नव्हतं. आतून कडी होती. कडीला चावीचं भोक नसतं, सुमे. तुझ्याकडून जे शिकले त्यातलं काहीही आतून लावलेल्या कडीला चालत नाही. कोणीतरी सब्बल आणली. शेजारच्या पोरांनी दार फोडलं. त्यांनी बरोबर केलं, दुसरं काही करणं शक्यही नव्हतं. मी बाजूला उभी होते, हातात चष्म्याचं घर, आणि तुझ्या नियमाप्रमाणे "उघड" म्हणू शकेल अशी एकच बाई होती, ती आत होती.

तुझ्या घरात फोडलं गेलं ते एवढंच. तुझं दार. तुझ्या हातून एक कुलूप कधी फुटलं नाही, एकाला ओरखडा गेला नाही. आणि त्यानंतर तेरवीसुद्धा शिळी झाली नाही तोवर तो शब्द मला माइकवरून ऐकावा लागला, मागून हसण्यासकट. आता कळलं का कानशिलं का तापली?

तरी मी गप्प बसले असते. पण भाऊसाहेबांनी भाषण संपवताना हात पसरला आणि म्हणाले, "ताईंच्या स्मृती चिरंतन राहाव्यात म्हणून आपण हे दालन उभारलं आहे." दालन म्हणजे कोपऱ्यातलं एक काचेचं शोकेस. त्याच्यात मखमलीवर आपली कुलपं मांडलेली. आपली, भिशीची. राठोड सिस्टरच्या तांड्यावरच्या घरातलं ते जाडजूड, माझ्या सासऱ्यांच्या पेटीचं, सगळी. भाऊसाहेब भेटायला आले तेव्हा मंगेशनं डबा त्यांच्या हवाली केला होता. तुझ्या पोराला मी काय बोलणार? पुण्याहून आलेला, डोळे सुजलेले, त्याला वाटलं आईचं काहीतरी वाचनालयात राहील. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की डबा आईचा एकटीचा नाही. शोकेसवर पाटी: कै. सुमतीताई यांचा दुर्मिळ संग्रह. आणि शोकेसला कुलूप. नवं कोरं, सोनेरी, तळहाताएवढं, दिसायला असं की त्यालाच हार घालावा.

मी उठले. पहिल्या रांगेतून. "भाऊसाहेब, ही कुलपं भिशीतल्या बायकांची आहेत. त्या इथेच बसल्या आहेत. त्यांना ती परत हवी आहेत."

"हो हो मॅडम, भावना समजू शकतो. पण दालनाचं रीतसर उद्घाटन व्हायचं आहे. पाहुण्यांची तारीख मिळाली की झालं. तोपर्यंत चावी माझ्याजवळ अगदी सुरक्षित आहे." त्यांनी खिसा थोपटला. "आणि हे वाचनालय काय माझं आहे का? हे तुमचं आहे. तुम्ही मालक, आम्ही सेवक."

हे वाक्य ते प्रत्येक भाषणात म्हणतात. गेली कित्येक वर्षं म्हणतात. पण काल ते ऐकलं आणि मला वाटलं, सुमी कुठेतरी भिवया उंचावून बघते आहे.

मी लोकांकडे वळले. "ऐकलंत? मालक तुम्ही. मग सांगा. हे शोकेस उघडायचं का? मोठ्यानं सांगा. टाळ्या नकोत."

कोणी बोललं नाही. तुझं म्हणणं खरं ठरत होतं आणि मला त्याचाही राग आला. मग मागून राठोड सिस्टर उठल्या. "माह्यं कुलूप हाये त्याच्यात. उघडा मॅडम." मग दुसरी उठली, "माह्यं बी." मग भिशीत नसलेले एक गृहस्थ, रोज फक्त पेपर वाचायला येणारे, म्हणाले, "उघडा ना बापा, पाहू तं द्या." मग बरेच जण. मंगेशही. त्यानं एकच शब्द म्हटला, उघडा, आणि खाली बघितलं.

भाऊसाहेब हसले. माइक त्यांच्याच हातात होता. "अहो, उघडा की! जमलं तर उघडा."

मी शोकेससमोर खुर्ची ओढली. पट्टी काढली, आकडा काढला. सुमे, सभा माझ्या पाठीशी होती, तुझा फोटो डावीकडे होता, आणि माझी बोटं अशी तापलेली की पट्टी वाकेल. एक पीन सापडली, बसली. दुसरी बसली. मग सगळं जाम. सोडलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा जाम. मला तुझी चापट मनगटावर जाणवत होती, पण हात ऐकत नव्हता. मागे खुर्च्या करकरल्या. कोणीतरी खोकलं. राठोड सिस्टर हळूच म्हणाल्या, "ढिल द्या मॅडम." मला कळत होतं. कळणं आणि बोटं यांच्यात बरंच अंतर असतं.

आणि तेव्हा माइकवरून भाऊसाहेबांचा आवाज आला, प्रेमळ, समजूतदार, सगळ्या सभागृहात घुमणारा. "राहू द्या मॅडम. नाजूक काम आहे. फोडायचं म्हणजे ताईंचाच हात पाहिजे."

मी मान वळवली. पूर्ण वळवली, खुर्चीवर. "फोडायचं नाही, भाऊसाहेब," मी म्हटलं, "मनवा—"

टक.

शब्द अर्धाच राहिला. त्यांच्याकडे वळताना माझा हात सैल पडला होता. पट्टीवर नुसता एका बोटाचा भार उरला होता, आकडा कुठेतरी शेवटच्या पिनेखाली होता, आणि कुलपाची कडी आपसूक वर उडाली. जणू एवढीच वाट बघत होतं. तू म्हणशील, पाह्य, राग सोडला आन उघडलं. मी राग सोडला नव्हता. तो फक्त बोटांतून जिभेवर आला होता. तिथे मला सवय आहे.

बायका पुढे आल्या. प्रत्येकीनं आपलं कुलूप ओळखलं, पदरानं पुसलं. तुझ्या घरची होती ती मंगेशनं डब्यात भरली आणि डबा माझ्या हातात दिला. "मावशी, भिशी चालू ठेवा," म्हणाला. शोकेसमध्ये आता मखमल आहे आणि पाटी आहे.

आपल्या नियमाप्रमाणे मी ते सोनेरी कुलूप भाऊसाहेबांसमोर धरलं. उघडून झालं, आता मालकाला परत.

त्यांनी हात मागे घेतला. "काय करू घेऊन? फुटलं ना ते."

"फुटलं नाही. बघा."

"एकदा फोडलेल्या कुलपाचा काय भरवसा मॅडम? ठेवा तुमच्याकडेच."

मी त्यांच्या डोळ्यांसमोर कडी खाली दाबली. कुलूप लागलं, तसंच, कोऱ्यासारखं, कट्ट आवाज करून. ओढून दाखवलं. खिशातली चावी काढून बघितली असती तर त्यांनाही कळलं असतं. पण खिशात हात घालायचा म्हणजे आपला शब्द चुकला हे सभेपुढे मान्य करायचं, आणि तेवढ्यासाठी ते कुलूप सोडून द्यायला तयार होते. "ठेवा, ठेवा," म्हणाले, आणि चहा-बिस्किटं घेऊन जाण्याची सूचना माइकवरून केली.

मागच्या भिंतीचं कपाट बंदच आहे. राठोड सिस्टर जाताना त्याच्याकडे बघून थांबल्या, मग माझ्याकडे बघितलं. काल मालक बोलले ते शोकेसबद्दल बोलले, कपाटाबद्दल नाही. तू असतीस तर हाच मुद्दा काढला असतास, आणि आपण पुन्हा भांडलो असतो. त्या वादात तू बरोबर होतीस असं मी म्हणणार नाही. पण मालक मोठ्यानं बोलू शकतात हे मला काल पहिल्यांदा दिसलं, आणि ते तुझ्यामुळे दिसलं.

डबा माझ्याकडे आहे, कपाटाच्या वरच्या फळीवर नाही, टेबलावर. त्याच्यात तुझ्या नावाची चिठ्ठी आहे, ती काढायला हात धजत नाही. आणि आता त्याच्यात ते सोनेरी कुलूप पण आहे. भाऊसाहेबांच्या खिशात एक चावी आहे, तिला कुलूप नाही. आपल्या डब्यात एक कुलूप आहे, त्याला चावी नाही.

बंद आहे फक्त, सुमे. शाबूत आहे.

तुझी,
कुंदा